मालक आमच्या गावचे

"भारतात कुठली?" शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी विचारलं.

परदेशात या प्रश्नाला मी सवयीने 'मुंबईजवळची' असं सांगते. पुणं म्हटलं की पुढे नकाशा समजवावा लागतो. त्या दिवशी मात्र खरं उत्तर तोंडून निघून गेलं. "पुणे."

त्यांना नकाशा लागला नाही. हातातला चहाचा कप त्यांनी पायाशी ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. २०१८ सालच्या हिवाळ्याचा शेवट, इंग्लंडमधल्या लँकेशायरचं ब्लॅकबर्न गाव, ईवूड पार्क स्टेडियम. लाख-सव्वा लाख वस्तीच्या या गावात पुण्याचं नाव न ऐकलेला माणूस निदान फुटबॉलच्या मैदानावर तरी सापडायचा नाही. कारण ब्लॅकबर्न रोव्हर्स हा त्यांचा क्लब नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या मालकीचा आहे. व्हेन्कीज. आपल्या सिंहगड रस्त्यावरचे पोल्ट्रीवाले.

मी मँचेस्टरला कंपनीच्या कामासाठी गेले होते. शनिवार मोकळा होता. गाडीने बोल्टन, मग डार्वेन, मग ब्लॅकबर्न. निघताना मनात एक धास्ती होती, ती लपवत नाही. सात वर्षं त्या स्टँडमधून मालकांच्या नावाने घोषणा चालल्या होत्या आणि मी त्यांच्याच गावची. राग माझ्यावर निघाला तर? राग निघाला नाही. आजोबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी जे विचारलं त्याची मी अजिबात तयारी केलेली नव्हती. "त्यांच्या ऑफिसपासून तुझं घर किती लांब?"

"स्कूटरवर दहा मिनिटं."

त्यांनी मान हलवली. पुढे मध्यंतरापर्यंत आम्ही खेळच पाहिला.

---

माझं आणि रोव्हर्सचं नातं जुळलं ते बालेवाडीत. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लॅकबर्नचा संघ पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला होता. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मामा कॅम्पातल्या लीगमध्ये खेळलेला. तो म्हणाला, "अगं, प्रीमियर लीगचा संघ आपल्या दारात येतोय. टीव्हीवर आयुष्यभर बघशीलच की." मी पुणे एफसीची होते, आणि आम्ही हरलो. पण चेंडू पायाला चिकटण्याआधीच पुढचा पास ठरलेला असतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं आणि त्या निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या जर्सीचं वेड लागलं.

ब्लॅकबर्नच्या लोकांना त्या दौऱ्याने काय वाटलं, हे मला पुढे कळलं. संघ तेव्हा गुणतक्त्याच्या तळाशी गटांगळ्या खात होता. अशा वेळी खेळाडूंना विमानात बसवून मालकांच्या गावी नेलं, याचा तिथे संताप झाला होता. माझ्या आयुष्यातली एक सुंदर संध्याकाळ तिकडच्या हजारो लोकांना अपमानासारखी वाटली होती. हे कळल्यावर मी रोव्हर्सविषयी वाचायला लागले आणि वाचतच राहिले.

हा क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या १२ संस्थापक संघांपैकी एक. एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा सहा वेळा जिंकलेला. १९९१ मध्ये जॅक वॉकर नावाच्या गावातल्याच पोलाद व्यावसायिकाने क्लब हातात घेतला. हा माणूस लहानपणापासून याच संघाचा. कारखाना विकून आलेला पैसा त्याने आपल्या गावच्या संघात ओतला. केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, अ‍ॅलन शिअररला ब्रिटनमधली तोवरची विक्रमी किंमत देऊन आणलं, स्टेडियमचे स्टँड नव्याने बांधले. १४ मे १९९५ ला शेवटच्या सामन्यात रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरले, पण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीवर थांबावं लागलं आणि प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल श्रेणीची ट्रॉफी ब्लॅकबर्नला आली. शिअररचे त्या हंगामात लीगमध्ये ३४ गोल. वॉकर २००० मध्ये गेले. त्यांचा पुतळा ईवूडच्या बाहेर उभा आहे. सामन्याला येणारे लोक जाता जाता त्याच्याकडे नजर टाकतात, तेही मी पाहिलं.

पैसेवाल्या मालकाने क्लब उभा केला, ही गोष्ट त्या गावाला माहीत आहे. म्हणून त्यांचा राग श्रीमंत मालकावर आहे, असं समजणं चूक. आणि मालक भारतीय आहेत म्हणून राग आहे, हेही मला मान्य नाही. ब्लॅकबर्नमध्ये गुजराती आणि पाकिस्तानी मुळांची वस्ती मोठी आहे. त्यांच्यातही रोव्हर्सचे चाहते आहेत आणि त्यांचंही तेच दुखणं आहे.

---

तर नेमकं बिघडलं काय?

व्हेन्कीजने क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला, शिवाय कर्जाचा भार उचलला. महिनाभरात अनुभवी मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं. संघ तेव्हा १३ वा होता. रोव्हर्ससारख्या क्लबसाठी ती काही वाईट जागा नव्हे. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. ते क्लबमध्येच प्रशिक्षक होते, पण मुख्य मॅनेजर म्हणून कुठलाच अनुभव नव्हता. ज्या एजंटाने मालकांना या खरेदीत सल्ला दिला होता, तोच कीन यांचाही एजंट होता. चाहत्यांच्या मनात तेव्हा जी शंका रुजली ती कधी गेली नाही. वर्षानुवर्षं क्लबचा कारभार सांभाळणारे अध्यक्ष दोन-तीन महिन्यांत बाहेर पडले. रोनाल्डिन्होला आणण्याच्या गोष्टी झाल्या. तो काही आला नाही. उलट अकॅडमीत घडलेला फिल जोन्स २०११ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडला गेला, आणि पुढच्या हिवाळ्यात बचावाचा कणा असलेला ख्रिस सांबा रशियाला.

७ मे २०१२. घरच्या मैदानावर विगनविरुद्ध सामना, मुसळधार पाऊस. कोणीतरी रोव्हर्सच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगभरच्या वाहिन्यांनी ते दृश्य हसत हसत दाखवलं. मला ते बघवत नाही. पोल्ट्रीवाल्या मालकांना निरोप द्यायला त्या माणसाकडे दुसरा रस्ता उरला नव्हता, एवढंच मला त्यात दिसतं. पत्रं लिहून झाली होती, मोर्चे निघाले होते, घोषणा देऊन घसे बसले होते. सामना ०-१ गेला आणि रोव्हर्स प्रीमियर लीगमधून खाली आले. अजून परत गेलेले नाहीत.

पुढच्या हंगामात मॅनेजरांची रांग लागली. हेनिंग बर्ग ५७ दिवस. मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस. १९९५ च्या विजेत्या संघात खेळलेल्या बर्ग यांना करारातल्या पैशासाठी स्वतःच्याच जुन्या क्लबविरुद्ध कोर्टात जावं लागलं, आणि ते जिंकले. मग खर्चाचे नियम मोडल्यामुळे नव्या खेळाडूंच्या खरेदीवर बंदी. आणि बरोबर पाच वर्षांनी, पुन्हा ७ मे, साल २०१७. ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही केवळ गोलफरकावर, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर, संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला एखादा क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिलीच वेळ. ५१ गुण मिळवून. मी त्या संध्याकाळी पुण्यात रेडिओ कॉमेंटरी ऐकत होते. जिंकल्याचा आवाज आणि बुडाल्याचा आवाज एकाच वेळी येत होता.

म्हणजे मी ईवूडला गेले तो तिसऱ्या श्रेणीतला हंगाम. टोनी मोब्रे यांनी त्याच वर्षी संघाला परत वर आणलं. त्या शांत माणसाचं ऋण ब्लॅकबर्न विसरणार नाही.

---

आता ट्रान्स्फरविषयी, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीविषयी, सविस्तर सांगते, कारण खरी जखम तिथे आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चाहते महागडे खेळाडू मागतात. रोव्हर्सच्या चाहत्यांनी ती आस केव्हाच सोडली आहे. त्यांचं मागणं साधं आहे: आहेत त्यांना नीट सांभाळा. खेळाडूचा करार संपायला वर्ष-दीड वर्ष उरलं की शहाणा क्लब दोनपैकी एक करतो, करार वाढवतो नाहीतर किंमत मिळतेय तोवर विकतो. रोव्हर्समध्ये पुन्हा पुन्हा तिसरंच घडलं. २०२२ मध्ये कर्णधार डॅरा लेनिहन, जो रॉथवेल आणि रायन न्यांबे करार संपवून एक पौंडही न देता निघून गेले. २०२३ मध्ये बेन ब्रेरेटन डियाझ, संघाचा हुकमी गोल करणारा, तसाच स्पेनला. २०२५ मध्ये टायरिस डोलन, तोही तसाच. कलम आपण लावायचं, उन्हाळाभर पाणी आपण घालायचं आणि आंबा पाडाला लागला की कुंपण उघडं टाकून झोपायचं, तसं हे.

आणि विंडोचा, म्हणजे या खरेदी-विक्रीच्या मुदतीचा, शेवटचा दिवस. जानेवारी २०२३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुईस ओब्रायन लोनवर, म्हणजे उसना, येणार होता. सगळं ठरलं होतं, पण कागदपत्रं वेळेत पोचली नाहीत आणि नोंदणी नाकारली गेली. तो हंगाम संपला तेव्हा रोव्हर्स सातवे आले. सहाव्या सुंदरलँडइतकेच गुण होते, गोलफरक कमी पडला. सहावा संघ बढतीच्या प्लेऑफला जातो, सातवा घरी. एक चांगला मिडफिल्डर तीन महिने मिळाला असता तर... असा विचार करत किती जणांनी तो उन्हाळा काढला असेल. पुढच्याच वर्षी अमेरिकेतून येणाऱ्या डंकन मॅग्वायरचाही व्यवहार शेवटच्या दिवशी कागदात अडकून फिसकटला. एकदा चुकतं माणूस. लागोपाठ दुसऱ्या वर्षी तेच झालं की चाहत्याला कळून चुकतं, घरात कर्तं माणूस कोणी नाही.

त्याच विंडोत अ‍ॅडम व्हॉर्टन गेला. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, सहाव्या वर्षी अकॅडमीत आलेला. त्याचा थोरला भाऊ स्कॉटही याच क्लबचा. सुमारे १ कोटी ८० लाख पौंड आणि पुढच्या अटींवर आणखी काही, असा व्यवहार. चार महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या संघात होता. इकडे रोव्हर्सनी शेवटच्या दिवशी लेस्टरला हरवून चॅम्पियनशिपमधली, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतली, जागा कशीबशी राखली. ज्याच्या गोलांनी ती राखली तो सॅमी स्मोडिक्स, २७ गोलांसह त्या लीगचा सर्वोच्च गोलकर्ता, तोही त्याच उन्हाळ्यात विकला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॅनेजर जॉन युस्टेस निघून गेले. संघ प्लेऑफच्या जागेत होता, आणि ते गेले कुठे, तर तळाशी झगडणाऱ्या डर्बीकडे. आपलं वरचं पान सोडून माणूस शेवटच्या पंगतीला का जाऊन बसतो? त्याला दिसत असणार की या पानात पुढे काही वाढलं जाणार नाही.

यामागे एक कारण भारतातलं आहे आणि ते सांगायलाच हवं. इथे चालू असलेल्या एका चौकशीमुळे २०२३ पासून मालकांना क्लबसाठी पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती. त्यासाठी बँक हमीही द्यावी लागत होती. लँकेशायरमधल्या खेळाडूच्या करारावर सही होणार की नाही हे दिल्लीतल्या तारखेवर अवलंबून. कोर्टाची तारीख पडली की आपल्याकडचा माणूस खांदे उडवून चालू लागतो, आपल्याला सवय आहे. ब्लॅकबर्नच्या लोकांना हे समजावून सांगायला मात्र मालकांच्या बाजूने कोणी समोर आलं नाही.

मालकांची बाजू मला दिसत नाही असं नाही. त्यांनी दरवर्षी तूट भरून काढली आहे. क्लबमधून पैसा काढून नेला, असा आरोप त्यांचे कडवे विरोधकही करत नाहीत. जवळच्याच बरी गावचा १८८५ चा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला, कारण मालकाकडे देण्याएवढे पैसेच नव्हते. रोव्हर्सवर ती वेळ आली नाही. मी स्वतः पुणे एफसीची चाहती. आय-लीगमध्ये २०१२-१३ ला उपविजेती ठरलेली ती टीम २०१५ मध्ये बंद झाली. मामाने तिचा स्कार्फ अजून कपाटात इस्त्री करून ठेवला आहे आणि तो गळ्यात घालून जायला जागा नाही. तेव्हा जिवंत असलेल्या क्लबची किंमत मला कळते.

पण पैसा पाठवणं आणि घर चालवणं यात फरक आहे. आजी कोकणातली. ती खोतांच्या गोष्टी सांगायची. खोत मुंबईत, कुळं गावात. वाईट खोताशी माणूस निदान तोंडावर भांडू शकतो, ती म्हणायची. न येणाऱ्या खोताशी भांडायचं कुठे? ईवूडवर मालक सुरुवातीच्या काळात दिसले, मग दिसेनासे झाले. वर्षामागून वर्षं. पुढे मी जेव्हा जेव्हा 'व्हेन्कीज आउट' ऐकलं, तेव्हा मला त्यात रागाइतकीच हाक ऐकू आली.

---

परतताना गाडी पुन्हा डार्वेनवरून गेली. हे ब्लॅकबर्नला लागून असलेलं गिरणगाव. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी इथे आले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने इथल्या गिरण्या बंद पडत होत्या. ब्लॅकबर्नचे माग तर खास भारतासाठी धोतरजोड्या विणायचे. ज्या माणसामुळे आपला रोजगार बुडाला असं त्यांना वाटत होतं, तो माणूस समोर येऊन उभा राहिला, त्यांचं ऐकलं, आपलं सांगितलं. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात हसणारे गांधीजी, तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. बहिष्कार त्यांनी मागे घेतला नाही. तरीही त्या बायका हसतायत.

दुसरी आठवण मला पुण्यातल्याच माणसाची येते. व्हेन्कीजचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव. या देशातल्या कोंबडीपालकांना त्यांनी एकत्र आणलं, राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. अंड्याचा भाव दलालाने नाही, पाळणाऱ्याने ठरवावा हा त्यांचा आग्रह होता. ज्याचं आयुष्य त्यात गुंतलंय, त्याचा शब्द चालला पाहिजे, हा विचार ज्या घरात जन्मला त्या घराकडे आज दीडशे वर्षांचा क्लब आहे, आणि ज्यांच्या चार-चार पिढ्या त्यात गुंतल्या त्यांना विचारणारं कोणी नाही. मला याचं जितकं दुःख होतं तितकं कुठल्याच पराभवाचं होत नाही. कारण हे आमच्या गावचं आहे. हे आम्हाला जमायला हवं होतं.

मे २०२५ मध्ये रोव्हर्सच्या महिला संघाने दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली. त्या श्रेणीसाठी लागणारा खर्च क्लब करायला तयार नव्हता. किएरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे, एला टून... इंग्लंडला युरो जिंकून देणाऱ्या या तिघी सुरुवातीला रोव्हर्सच्याच जर्सीत खेळल्या आहेत. आता दहा-बारा वर्षांच्या ब्लॅकबर्नच्या मुलीला तिच्या गावातून वर जाणारी ती वाट दिसणार नाही. बालेवाडीत मुलांच्या गर्दीत मामाचा हात धरून बसलेली मी मला आठवते, आणि त्या बातमीनंतर दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नव्हतं.

---

सामना संपल्यावर आजोबा माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले. वॉकर यांच्या पुतळ्यापाशी थांबले. म्हणाले, "एक काम करशील? त्यांच्या ऑफिसात रोव्हर्सचा झेंडा लावलाय का, एवढं बघून सांग. एखादा फोटो, स्कार्फ, काहीही." मी त्या इमारतीवरून हजार वेळा गेले होते, पण असं काही बघायचं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी हो म्हणाले. त्यांनी सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर आपला पत्ता लिहून दिला, थरथरत्या पण सुवाच्य अक्षरात.

ती पत्रिका माझ्या टेबलाच्या खणात आहे. सिंहगड रस्त्याने मी रोज येते-जाते. व्हेंकटेश्वरा हाउसपाशी आले की वेग आपोआप कमी होतो आणि मागचा हॉर्न वाजवतो. रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. मागच्या शनिवारी घरी यायला उशीर झाला. सिग्नलला थांबले तेव्हा बरोबर साडेआठ वाजले होते. एका कानात इयरफोन होता, आणि तिकडे ईवूडच्या अर्ध्या रिकाम्या स्टँडमधून संघ मैदानात येताना होतो तसा आवाज चढत होता.